राऊटर घेताना त्याची पाठ बघा

पत्र:

दादा, नमस्कार. आमचं घर अंबाजोगाई तालुक्यात, पुढं जुनं माळवद आणि मागं स्लॅबच्या दोन खोल्या. मुलगी बारावीला आहे, नीटची तयारी करायलीय, क्लास लातूरचा पण लेक्चर घरूनच बघते. दिवाळीत ह्यांनी नवा राऊटर आणला, काळा चकचकीत, सहा अँटेना, अगदी कोळ्यावानी. तो देवळीत बसत नाही, खुंटीला लटकवावा तर मागं छिद्र नाही, वरून उतरता आहे म्हणून नेटची फायबर वायर जिथं येते तो पांढरा डबा त्याच्यावर ठेवला की घसरतो. रात्रभर निळा लाईट लागतो, सासूबाईंना झोप येत नाही म्हणून त्या त्याच्यावर टॉवेल टाकतात. अडॅप्टर एवढा रुंद की बाजूचं सॉकेट वाया. शेवटी टीव्हीच्या मागं ज्वारीच्या कोठीवर ठेवलाय तर मागच्या खोलीत नेट येईना. घरचे म्हणतात तुलाच वस्तू नीट ठेवता येत नाही. माझं काय चुकायलंय आणि आता काय करू?

(एक वाचक, जि. बीड)

उत्तर:

ताई, तुमचं काहीच चुकत नाही. हे मी तुमचं मन राखायला म्हणत नाही, परभणीत दुकानात बसून इतके वर्ष हेच डबे उघडतोय, लोकांच्या घरी जाऊन लावतोय, आणि गेल्या दहा-बारा वर्षात घरच्या राऊटरची ठेवण अशी काही बिघडत गेलीय की चांगला हात असलेल्या माणसालाही तो धड ठेवता येत नाही. तुम्ही पत्रात जेवढ्या तक्रारी लिहिल्यात त्यातली एकही तुमच्या नीटनेटकेपणाची नाही, सगळ्या त्या वस्तूच्या आकाराच्या आहेत.

बघा ना, तुमच्या घराची देवळी ज्या गवंड्यानं ठेवली त्याला माहीत होतं की तिथं दिवा बसणार, हात किती उंचीवर पोचतो, काजळी कुठं जाणार, सगळा विचार करून त्यानं ती ठेवली. खुंटी भिंत बांधतानाच आत घातलेली असते, ती शंभर वर्ष हलत नाही. आणि हा राऊटर ज्यांनी काढला त्यांनी तो कुठं बसणार हा विचारच केलेला नाही, तो फक्त दुकानातल्या काचेत कसा दिसेल एवढाच केलाय. खोक्यावरचा फोटो काढून बघा, त्यात राऊटरला एकही वायर लावलेली नसते. पण घरात आल्यावर त्याला एक पॉवरची वायर लागते, एक फायबरच्या डब्याकडून येणारी लागते, टीव्हीला किंवा कॉम्प्युटरला द्यायची असेल तर अजून एक, आणि ह्या वायरी काही मऊ सुतळ्या नसतात, कॅट सिक्सची, म्हणजे नेटची लॅन वायर ताठ असते, आणि राऊटर आतून इतका हलका की वायरच त्याला फिरवते, उचलते, पाडते. वायरीसकट बघितलं तरच त्या वस्तूचं खरं रूप कळतं आणि ते कुणी बघतच नाही.

माझ्या स्वतःच्या घरी एक उभा, पुस्तकासारखा अरुंद राऊटर होता. उन्हाळ्यात कूलर लावला, लॅनची वायर पडद्यात अडकली, पडदा हलला आणि तो उभ्याचा आडवा होऊन पलंगामागं पडला, पडताना फायबरची पिन तुटली. तीन दिवस नेट नाही. लाईनमन आला तो म्हणला साहेब नीट ठेवत जा. त्या दिवशी मला जो राग आला तो अजून आहे, कारण ज्या वस्तूला बूड नाही ती नीट ठेवायची कशी?

आणि असं नाही की कुणाला जमत नव्हतं. २००२ च्या शेवटी लिंकसिसचा डब्ल्यूआरटी५४जी नावाचा राऊटर आला होता, निळा-काळा, चौकोनी, मागं दोन अँटेना. त्याचे पाय असे केलेले होते की त्याच कंपनीचा दुसरा डबा त्याच्यावर ठेवला की खाचेत बसायचा, हलायचा नाही. लाईटं सगळी पुढं एका ओळीत, वायरी सगळ्या मागं. नंतर मधल्या काळात चपट्या चकचकीत तबकड्या आल्या, अँटेना आत गेल्या, पाय गेले, आणि मग २०१४ ला त्याच कंपनीनं डब्ल्यूआरटी१९००एसी काढला तेव्हा पुन्हा तेच निळं-काळं रूप आणि एकावर एक ठेवायची सोय परत आणली. म्हणजे लोकांना काय पाहिजे होतं ते कळायला मधी कितीतरी वर्ष गेली.

दुसरी बाजू पण सांगतो, कारण तिच्यातही तथ्य आहे. २०१५ मध्ये गूगलनं ऑनहब म्हणून एक गोल नळकांड्यासारखा राऊटर काढला, त्यामागं विचार असा होता की राऊटर दिसायला वाईट असतो म्हणून लोक तो कपाटात नाहीतर टीव्हीमागं लपवतात, आणि लपवला की सिग्नल मरतो, म्हणून तो इतका छान करा की लोक उघड्यावर ठेवतील. विचार बरोबर आहे, मला पटतो. पण त्याला वायर लावून द्यायला लॅनचं पोर्ट एकच होतं. छान दिसावं म्हणून काम कमी केलं, आणि मला तिथंच खटकतं. सुंदर असायला माझी हरकत नाही ताई, पितळी समई पण सुंदरच असते, पण तिला बूड जड असतं, तेल ठेवायला जागा असते, वाती सारता येतात.

आता अँटेनांचं. सहा अँटेना म्हणजे सहापट रेंज, हा समज डोक्यातून काढून टाका आणि घरच्यांच्या पण. बहुतेक फोनमध्ये वायफायच्या एक नाहीतर दोनच अँटेना असतात, तुमच्या मुलीच्या फोनला राऊटरच्या सहाही अँटेनांचा पुरा फायदा घेता येत नाही. जास्त अँटेनांचा उपयोग होतो, नाही असं नाही, एकाच वेळी बरीच मोबाईलं-टीव्ही चालत असतील तर होतो, पण मातीची भिंत त्यानं पातळ होत नाही. अँटेना सरळ उभी असली की तिचा सिग्नल आडवा चारी बाजूंना पसरतो, तिच्या टोकाच्या दिशेनं सगळ्यात कमी जातो. म्हणून तुमच्यासारखं बैठं घर असेल तर सगळ्या अँटेना सरळ उभ्या ठेवा, पंख्यासारख्या फाकवू नका. वरच्या मजल्यावर पाहिजे असतं तर एखादी आडवी करा म्हणलो असतो.

आता तुमचं खरं दुखणं. तो राऊटर आत्ता जिथं आहे ती जागा घरातली सगळ्यात वाईट जागा आहे. खाली पत्र्याची कोठी, तिच्यात ज्वारी, समोर टीव्हीची धातूची पाठ, वर टॉवेल. पत्र्यातून वायफाय जात नाही, तो परत फिरतो. आणि पुढं तुमची माळवदाची भिंत, ती दोन-दोन हात रुंद, दगड आणि पांढरी माती. घरच्या बहुतेक राऊटरमध्ये वायफायचे दोन पट्टे असतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ, त्यातला ५ चा पट्टा जवळ वेगवान असतो पण भिंतीत लवकर दम तोडतो, २.४ चा हळू असतो पण भिंत जास्त सहन करतो. मुलीचा फोन मागच्या खोलीत गेल्यावरही जर ५ लाच चिकटून बसला असेल तर लेक्चर गोल गोल फिरणारच. दोन्हीला वेगळी नावं द्या, सेटिंगमध्ये ते करता येतं, आणि मागच्या खोलीत २.४ वालं लावून बघा, एवढ्यानं पण फरक पडतो.

ठेवायचं कसं, तर राऊटरला छिद्र नाही ना, मग त्याला छिद्रवाली पाठ आपण देऊ. सुताराकडून प्लायवूडचा एक तुकडा आणा, साधारण दीड फूट बाय एक फूट, जाड बारा एमएमचा बरा. त्याच्यावर राऊटर, फायबरचा पांढरा डबा आणि अडॅप्टर असं तिन्ही मांडून बघा, पेन्सिलनं खुणा करा, मग खुणेच्या दोन्ही बाजूंना बारीक ड्रिल मारून केबल टाय आरपार घालून आवळा. टाय जाळीच्या भोकांवरून जाऊ देऊ नका, तिथून गरम हवा बाहेर येते. तुमच्या राऊटरचं अंग उतरतं आहे म्हणून खालच्या बाजूला लाकडाची छोटी पट्टी ठोका, तो तिच्यावर टेकतो, सगळा भार टायवर येत नाही. डबल टेप वापरू नका, दुकानात कुणी सांगितलं तरी, आपल्याकडं मे महिन्यात ती टेप सुटते आणि वस्तू मध्यरात्री खाली येते, मी हे कितीतरी घरी बघितलंय.

ती पाटी माळवदाच्या भिंतीला लावायची असेल तर ड्रिल मारून स्क्रूसाठी गिट्टी ठोकायच्या नादी लागू नका. मातीच्या भिंतीत गिट्टी धरत नाही, भोक मोठं होत जातं आणि पोपडा निघतो. पाटीला वर दोन भोकं पाडा, जाड तार घाला आणि खुंटीला लटकवा, खुंटी त्याच कामाला आहे. स्लॅबच्या खोलीत मात्र गिट्टी आणि स्क्रू बिनधास्त. उंची माणसाच्या डोक्याच्या वर, सहा-साडेसहा फूट, म्हणजे कपाट, फ्रीज, कोठ्या सगळ्या खाली राहतात.

पण मला विचाराल तर पाटी माळवदात लावूच नका. फायबरचा डबा जिथं आहे तिथं राहू द्या, कारण फायबर हलवायला लाईनमन लागतो, आणि तिथून कॅट सिक्सची एक वायर केसिंग पट्टीतून मागच्या स्लॅबच्या खोलीपर्यंत न्या. ही वायर शंभर मीटरपर्यंत चालते, तुमचं घर त्याच्या पुढं जात नाही. दारावरच्या जुन्या लाईटच्या वायरीला चिकटून नेऊ नका, वेगळी पट्टी टाका. त्या टोकाला हा सहा अँटेनावाला राऊटर मुलीच्या खोलीत लावा. आणि पुढच्या माळवदाला काय? बरेचदा फायबरच्या पांढऱ्या डब्यातच वायफाय असतं, लाईनमननं ते बंद केलेलं असतं एवढंच, ते चालू करून घ्या, सासूबाईंच्या फोनला आणि टीव्हीला तेवढं पुरतं. त्या डब्यात वायफाय नसेल तर तुमचा जुना राऊटर, दिवाळीच्या आधीचा, फेकला नसेल तर तोच काढा. त्याची एक तार मागं गेली, एक पुढं राहिली, काम झालं. फक्त दोन राऊटर असले की त्यातला एक अॅक्सेस पॉईंट मोडमध्ये टाकायचा, म्हणजे तो फक्त वायफाय देतो, सेटिंगमध्ये तो पर्याय असतो, नाहीतर दोघंही फोन-टीव्हीला नेटचे पत्ते वाटत बसतात आणि मधीच नेट जातं. हे सेटिंग मुलगी दहा मिनिटात करेल, पण तिच्या अभ्यासाच्या वेळात नको.

फायबरची पिवळी किंवा काळी बारीक वायर उरली तर ती गुंडाळताना एक लक्षात ठेवा, बांगडीपेक्षा लहान वळसा घालू नका. आत काच असते, वळण घट्ट झालं की उजेड बाहेर गळतो आणि डब्यावर एलओएस लिहिलेला लाल लाईट लुकलुकायला लागतो. तो लाल दिसला की राऊटर चालू-बंद करून काही होत नाही, वायर बघायची, नाहीतर फोन करायचा.

सासूबाईंचं मला सगळ्यात जास्त पटलं. रात्री अंधारात निळा उजेड डोळ्याला जास्तच टोचतो, आपल्या डोळ्याची घडणच तशी आहे. पूर्वी यंत्रांवर लाल नाहीतर हिरवं बारीक लाईट असायचं, निळं एलईडी बनवणंच अवघड होतं, ते ज्या तीन शास्त्रज्ञांनी जमवलं त्यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. मोठं काम आहे ते, त्याच्यामुळंच आज पांढरे एलईडी बल्ब आपल्या घराघरात, शेतातल्या गोठ्यात लागलेत. पण म्हणून झोपायच्या खोलीत निळा दिवा रात्रभर कशाला पाहिजे? राऊटर झोपायच्या घरात ठेवायची वेळ आपल्याकडं सगळ्यांवर येते, वेगळी खोली कुणाकडं असते. तर आधी मागं किंवा बाजूला एलईडी लिहिलेलं बटण आहे का बघा, नसेल तर ॲपमध्ये किंवा सेटिंगच्या पानावर लाईट बंद करायचा पर्याय शोधा. तोही नसला तर इलेक्ट्रिशियनची काळी टेप, नेमकी लाईटवर, जाळीवर नाही. पांढऱ्या डब्यावरचं एलओएस तेवढं उघडं ठेवा, ते लागतं.

टॉवेल मात्र आजच काढा, म्हणजे सासूबाईंना समजावून काढा. बहुतेक राऊटरच्या कागदावर लिहिलेलं असतं की हे यंत्र शून्य ते ४० अंशापर्यंत चालवायचं. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये बाहेरच ४२-४३ होतं, पत्र्याच्या खोलीत तर त्याच्याही वर, आणि यंत्र स्वतःची उष्णता वेगळी सोडतं. माळवद थंड असतं हे तुमचं नशीब. टॉवेलखाली राऊटर तापला की तो हळू होतो, मधीच बंद पडतो, आणि नेमकं ते नीटच्या परीक्षेच्या आधीच्या दिवसात होणार, कारण परीक्षा पण मे मध्येच असते. चकचकीत काळ्या प्लास्टिकवर आपल्याकडची काळ्या रानातली धूळ बसते ती पण आठवड्याला कोरड्या ब्रशनं जाळीतून काढा, ओल्या फडक्यानं पुसलं की धुळीचा चिखल होऊन भोकं बुजतात.

रुंद अडॅप्टरसाठी एक सॉकेटची छोटी एक्स्टेन्शन वायर घ्या, एक टोक बोर्डात, दुसरं पाटीवर, अडॅप्टर तिथं बांधला की बोर्डातलं बाजूचं सॉकेट मोकळं. आणि लाईट तर जातच असते तुमच्याकडं, म्हणून पुढंमागं राऊटरचा छोटा यूपीएस घेणार असाल तर आधी दोन्ही अडॅप्टरवरचे आकडे वाचा. बहुतेकांवर १२ व्होल्ट असतं पण सगळ्यांवर नाही. व्होल्ट तंतोतंत तेवढेच पाहिजेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. फक्त राऊटरला यूपीएस लावून फायबरचा डबा तसाच ठेवला तर वायफाय दिसेल पण नेट येणार नाही, दोन्हीला करंट पाहिजे.

आता हे सगळं तुम्ही करायचं आणि ज्यांनी ती वस्तू बनवली त्यांनी काहीच नाही करायचं, हे मला मान्य नाही. तुमच्या घरातला एमसीबीचा, म्हणजे शॉर्ट झाल्यावर पडणाऱ्या स्विचांचा डबा उघडून बघा. आत एक धातूची पट्टी असते, ३५ एमएमची, कुठल्याही कंपनीचा एमसीबी आणा, त्याच पट्टीवर टक्कन बसतो. मोठ्या ऑफिसात नेटवर्कचं सामान ठेवायच्या कपाटाची रुंदी १९ इंच ठरलेली असते, सगळ्या कंपन्या तेवढंच करतात. म्हणजे आकार ठरवून सगळ्यांनी पाळता येतो, ऑफिससाठी पाळतात, वीजवाल्यांसाठी पाळतात. आपल्या घरासाठीच कामून नाही? घरात जागा कमी, भिंती वेगळ्या, सोबत फायबरचा डबा, सेट टॉप बॉक्स, अडॅप्टर, खरी गरज तर इथं जास्त आहे. पाठीमागं दोन छिद्रं पाडायला कंपनीला असा काय खर्च येतो, साच्यात एकदा केलं की झालं. हे मला दरवेळी तेवढंच लागतं.

म्हणून पुढच्या वेळी तुमच्याकडं कुणीही राऊटर घ्यायला जाईल तेव्हा त्याला सांगा, म्हैस घेताना आपण शिंगं बघून पैसे देत नाही, कास बघतो. खोकं उघडायला लावायचं, राऊटर पालथा करायचा. मागं लटकवायची दोन छिद्रं आहेत का. वरचा भाग सपाट आहे का. वायरी सगळ्या एकाच बाजूनं निघतात का, का एक इकडं एक तिकडं. लाईट बंद करायचं बटण आहे का. दुकानदार म्हणेल असं कुणी बघत नाही, म्हणू द्या, चार गिऱ्हाईकांनी पालथा केला की पाचव्याला तो स्वतःच पाठ दाखवेल, मी काउंटरच्या त्या बाजूला बसलेलो आहे म्हणून सांगतो.

तुमच्या ह्यांना रागावू नका, त्यांनी लेकीसाठी दुकानातला सगळ्यात भारी आणला, त्यांचं मन मोठं आहे आणि तो राऊटर आतून वाईटही नाही. त्यालाच पाटीवर बांधा. फक्त आत्ता, काही हलवायच्या आधी, मुलीच्या टेबलावर फोन ठेवून स्पीड टेस्ट करा आणि आकडा वहीत लिहा, एकदा सकाळी एकदा रात्री. मग वायर टाकून राऊटर मागं नेला की त्याच टेबलावर पुन्हा तेच करा. दोन्ही आकडे मला पाठवा, सोबत पांढऱ्या डब्याच्या मागच्या स्टिकरवरचं मॉडेलचं नाव, त्यात वायफाय आहे का नाही ते बघून पुढच्या घराचं काय करायचं ते सांगतो.